विश्लेषण : बॅकअप असूनही डेटाबेस परत का मिळत नाही?

सर्व्हर बिघडला, हल्लेखोरांनी माहिती कुलूपबंद केली किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या हातून चुकीची आज्ञा दिली गेली, की प्रत्येक संस्था बॅकअपकडे धाव घेते. मोठ्या डेटाबेसच्या बाबतीत मात्र खरी अडचण तिथूनच सुरू होते. रात्रभर चाललेले रिस्टोअर पहाटे मध्येच थांबते, पडद्यावर शेकडो त्रुटींची यादी उमटते आणि रुग्णालय, बँक वा विद्यापीठाचे कामकाज ठप्प राहते. या त्रुटी कशामुळे येतात, त्यांचा माग कसा काढायचा आणि त्या आधीच टाळता येतात का, याचा आढावा.

बॅकअप म्हणजे नेमके काय?

डेटाबेसचा बॅकअप ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. पहिला ‘लॉजिकल’. यात डेटाबेसमधील प्रत्येक टेबल कसे बनवायचे आणि त्यात कोणत्या नोंदी भरायच्या, याच्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहिल्या जातात. मायएसक्यूएलमधील ‘मायएसक्यूएलडम्प’ आणि पोस्टग्रेसमधील ‘पीजी डम्प’ ही साधने हेच काम करतात. दुसरा प्रकार ‘फिजिकल’. यात डिस्कवरील मूळ फाइलींचीच जशीच्या तशी प्रत घेतली जाते.

ग्रंथालय हलवण्याचे उदाहरण घेतले तर फरक स्पष्ट होतो. लॉजिकल बॅकअप म्हणजे सगळी पुस्तके खोक्यांत भरून सोबत मांडणीच्या सूचनांचा कागद देणे. नव्या जागी कपाटे नव्याने बनवावी लागतात, पुस्तके लावावी लागतात आणि सूचीही पुन्हा तयार करावी लागते. फिजिकल बॅकअप म्हणजे पुस्तकांसकट कपाटेच उचलून नेणे. हे काम लवकर होते. पण नवी खोली जुन्या खोलीच्याच मापाची असावी लागते. म्हणजेच डेटाबेसची आवृत्ती आणि संगणकाची रचना जुळावी लागते.

बॅकअपपेक्षा रिस्टोअरला जास्त वेळ का लागतो?

बॅकअप घेताना सर्व्हर माहिती केवळ वाचून फाइलमध्ये उतरवतो. लॉजिकल बॅकअप परत भरताना मात्र त्याला प्रत्येक नोंद लिहावी लागते, ती नियमांत बसते का हे तपासावे लागते आणि शोध वेगाने व्हावा म्हणून असलेले इंडेक्स नव्याने बांधावे लागतात. डम्प फाइलमध्ये इंडेक्स नसतो, तो बांधण्याची फक्त आज्ञा असते. त्यामुळे तासाभरात घेतलेला बॅकअप परत यायला अनेक तास लागणे स्वाभाविक आहे.

त्यात माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याचा वेळ मिळवावा लागतो. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून १ टेराबाइट माहिती नेण्यास, वेग अखंड मिळाला तरी, सुमारे २२ तास लागतात. १ गिगाबिट वेगाने हेच काम सव्वादोन तासांत होते. बॅकअप दूरच्या क्लाउडमध्ये असेल आणि जोडणी संथ असेल, तर डेटाबेस भरण्याचे काम सुरू होण्यापूर्वीच एक दिवस निघून जातो.

सर्वाधिक त्रुटी कुठे येतात?

पहिली जागा म्हणजे खुद्द फाइल. नक्कल करताना जोडणी तुटली तर फाइल अर्धवट राहते आणि ती उघडताना ‘फाइल अनपेक्षितपणे संपली’ असा संदेश येतो. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर, म्हणजे फॅट-३२ रचनेत, ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. फाइल पूर्ण आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण आहे. मायएसक्यूएलच्या डम्पच्या शेवटी ‘डम्प कम्प्लीटेड’ अशी ओळ नेहमीच्या मांडणीत असते. पोस्टग्रेसच्या साध्या मजकूर स्वरूपातील डम्पच्या शेवटीही काम पूर्ण झाल्याची ओळ असते. ती दिसत नसेल तर बॅकअप घेतानाच घोळ झाला असण्याची शक्यता मोठी.

दुसरी जागा मर्यादांची. ब्राउझरमधून ‘पीएचपीमायअ‍ॅडमिन’द्वारे मोठी फाइल चढवण्याचा प्रयत्न बहुतेक वेळा फसतो, कारण पीएचपीमध्ये फाइल चढवण्याची मूळ मर्यादा अवघी २ मेगाबाइट आहे. ती वाढवली तरी वेळेची मर्यादा आड येते. मोठा डेटाबेस सर्व्हरवरच्या आज्ञापटलावरून भरणे हाच मार्ग. तेथेही दूरस्थ जोडणी तुटली की सुरू असलेले काम बंद पडू शकते. म्हणून जोडणी गेली तरी चालू राहणाऱ्या ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’सारख्या सत्रात ते सुरू करावे लागते.

मायएसक्यूएलमध्ये ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ हा संदेश अनेकांना गोंधळात टाकतो. सर्व्हर बंद पडला असा अर्थ लावून तो पुन्हा सुरू केला जातो आणि रिस्टोअर पुन्हा त्याच ओळीवर थांबते. अनेकदा कारण साधे असते. एका वेळी सर्व्हर केवढी माहिती स्वीकारेल याची एक मर्यादा असते. आवृत्ती ५.७ मध्ये ती मुळात ४ मेगाबाइट होती, ८.० मध्ये ६४ मेगाबाइट झाली. कमाल १ गिगाबाइटपर्यंत वाढवता येते. छायाचित्रे किंवा स्कॅन केलेली कागदपत्रे डेटाबेसमध्येच ठेवली असतील, तर एखादी नोंद या मर्यादेपेक्षा मोठी निघते आणि सर्व्हर जोडणी तोडून टाकतो.

डिस्कवरील जागेचा हिशेब का चुकतो?

‘बॅकअपची फाइल ५० गिगाबाइटची, डिस्कवर १०० गिगाबाइट मोकळे, मग अडचण काय?’ असा हिशेब केला जातो. पण ही फाइल दाबून लहान केलेली असते. उघडल्यावर ती कित्येक पटींनी फुगू शकते. त्याशिवाय इंडेक्सना जागा लागते, ते बांधताना तात्पुरत्या फाइली बनतात आणि डेटाबेस आपल्या प्रत्येक बदलाची नोंदवहीही लिहीत असतो. मायएसक्यूएल ८.० मध्ये ‘बायनरी लॉग’ ही नोंदवही आपोआप चालू असते. त्यामुळे रिस्टोअर होणारी माहिती डिस्कवर दोनदा लिहिली जाते.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आणखी एक खाच आहे. तेथे मूळ फाइलींचे जेवढे आकारमान होते तेवढी जागा रिस्टोअर करताना लागते, मग त्यातील बराच भाग रिकामा का असेना. लॉग फाइल कधी काळी २०० गिगाबाइटपर्यंत वाढून तशीच राहिली असेल, तर आत काही नसले तरी तेवढी जागा मोकळी करून द्यावी लागते.

आवृत्ती आणि परवानग्यांचा गोंधळ कसा ओळखायचा?

नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढवता येईलच असे नाही. एसक्यूएल सर्व्हर तर असा बॅकअप थेट नाकारतो. मायएसक्यूएल ८.० चा डम्प ५.७ वर चढवताना ‘अनोळखी कोलेशन’ अशी त्रुटी येते, कारण अक्षरांची क्रमवारी लावण्याचे नवे नियम जुन्या सर्व्हरला ठाऊकच नसतात.

परवानग्यांची त्रुटी वेगळी दिसते. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी डम्प’ एका डेटाबेसपुरता बॅकअप घेतो. त्या डेटाबेसचे मालक आणि वापरकर्ते सर्व्हरच्या पातळीवर नोंदलेले असल्याने ते त्यात येत नाहीत. नव्या सर्व्हरवर मग ‘हा रोल अस्तित्वात नाही’ अशा ओळींचा पाऊस पडतो. वापरकर्त्यांची यादी ‘पीजी डम्पऑल’ या साधनाने वेगळी घ्यावी आणि आधी चढवावी लागते.

सर्वांत महाग पडणारी चूक किल्लीची आहे. सुरक्षेसाठी डेटाबेस सांकेतिक स्वरूपात ठेवला जातो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठीचे प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली स्वतंत्रपणे जपावी लागते. ती ज्या सर्व्हरवर होती तोच जळाला आणि दुसरीकडे प्रत नसेल, तर बॅकअपची फाइल शाबूत असूनही निरुपयोगी ठरते. यावर कोणतीही तांत्रिक युक्ती चालत नाही.

मराठी मजकुराचे काय होते?

मराठी नावे, पत्ते, अर्ज असलेल्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर एकही त्रुटी न दाखवता पूर्ण होते आणि मग लक्षात येते, की नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आहेत. बॅकअप घेणारा आणि परत भरणारा सर्व्हर वेगवेगळे अक्षरसंच वापरत असतील तर असे घडते.

येथे एक फरक महत्त्वाचा. देवनागरीऐवजी चिन्हे लावलेली विचित्र रोमन अक्षरे दिसत असतील, तर मूळ माहिती बहुधा शाबूत असते, ती केवळ चुकीच्या पद्धतीने वाचली जात असते. ती दुरुस्त करता येते. पण टेबलातच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर त्या टेबलातून मूळ अक्षरे मिळत नाहीत. बॅकअपची फाइल योग्य अक्षरसंचासह पुन्हा चढवावी लागते. म्हणूनच आधीची फाइल पुसण्याची घाई करू नये. मायएसक्यूएलमधील जुन्या ‘यूटीएफ-८’ संचात एका अक्षरचिन्हाला ३ बाइटपर्यंतच जागा असते. देवनागरी त्यात मावते, इमोजींना मात्र ४ बाइट लागतात. मराठी मजकूर नीट येतो आणि इमोजी असलेल्या नोंदींवरच त्रुटी येते, त्याचे कारण हे.

त्रुटी आली तर सर्वप्रथम काय करावे?

पहिला नियम म्हणजे बॅकअपच्या एकमेव प्रतीवर काम करू नये. तिची आणखी एक प्रत काढावी आणि चालू असलेल्या डेटाबेसवर थेट न भरता वेगळ्या सर्व्हरवर किंवा वेगळ्या नावाने भरावी.

दुसरा नियम, सगळे संदेश फाइलमध्ये साठवून पहिली त्रुटी शोधावी. मायएसक्यूएल पहिल्या त्रुटीला थांबतो. पोस्टग्रेसचे ‘पीएसक्यूएल’ मात्र मुद्दाम सांगितले नाही तर त्रुटी ओलांडून पुढे जाते. एक टेबल तयार झाले नाही की त्यातील नोंदी भरताना त्रुटी, त्यावर अवलंबून असलेल्या टेबलांत त्रुटी, इंडेक्स बांधताना त्रुटी, अशी साखळी लागते. पडद्यावर शेवटी दिसणारी ओळ हा बहुतेक वेळा परिणाम असतो. कारण शेकडो ओळी वर दडलेले असते. ‘पहिल्या त्रुटीला थांब’ असा पर्याय सुरू करून रिस्टोअर चालवले तर ते लगेच सापडते.

तिसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डिस्कवरील जागा, दोन्हीकडील आवृत्त्या, अक्षरसंच, वापरकर्ते आणि आकाराच्या मर्यादा या क्रमाने तपासणी केल्यास बहुतांश अडथळे उघड होतात. शक्य असेल तेथे आधी केवळ टेबलांची रचना भरून पाहावी. त्याला काही मिनिटेच लागतात आणि आवृत्ती व परवानग्यांच्या त्रुटी तेथेच बाहेर येतात. पोस्टग्रेसमध्ये ‘कस्टम’ किंवा ‘डिरेक्टरी’ स्वरूपात बॅकअप घेतला असेल, तर हवे तेवढेच टेबल काढता येते आणि अनेक टेबले एकाच वेळी भरता येतात.

चौथी गोष्ट संयमाची. रिस्टोअर अडकले आहे असे वाटून ते मध्येच बंद करणे हा नेहमीचा प्रमाद. इंडेक्स बांधताना पडद्यावर बराच वेळ काहीच हलत नाही. डिस्कवर लेखन सुरू आहे का, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

गिटलॅबमध्ये काय घडले होते?

संगणक प्रणालींचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ रोजी घडलेली घटना या विषयातील सर्वाधिक अभ्यासली गेलेली घटना म्हणता येईल. मुख्य आणि दुय्यम अशा दोन डेटाबेस सर्व्हरमधील ताळमेळ बिघडला होता. दुय्यम सर्व्हर नव्याने जुळवण्यासाठी त्यावरील माहिती पुसण्याची आज्ञा एका अभियंत्याने दिली. पण ती मुख्य सर्व्हरवर दिली गेली. चूक ध्यानात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम ४.५ गिगाबाइट उरले होते.

कंपनीकडे कागदोपत्री बॅकअपचे अनेक मार्ग होते. रोज घेतला जाणारा पोस्टग्रेसचा डम्प क्लाउडमध्ये जायला हवा होता. ती जागा रिकामी आढळली. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डम्प घेणारे साधन ९.२ चे असल्याने बॅकअप दररोज फसत होता. अपयशाचे ई-मेल पाठवले जात होते, परंतु ते योग्य रीतीने प्रमाणित नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. क्लाउड पुरवठादाराची डिस्क-प्रत घेण्याची सोय डेटाबेस सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती.

अखेर मदतीला आली ती एका वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत. ती संथ डिस्क असलेल्या चाचणी सर्व्हरवर होती. तेथून ती परत नेण्यास सुमारे १८ तास लागले. जागतिक प्रमाणवेळेनुसार सायंकाळी ५.२० ते मध्यरात्र या काळातील बदल कायमचे गेले. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५ हजार प्रकल्प, ५ हजार टिप्पण्या आणि ७०० नवी वापरकर्ता खाती यांना फटका बसला. कोडच्या मूळ फाइली वेगळीकडे असल्याने त्या वाचल्या. ही सारी दुरुस्ती गिटलॅबने यूट्यूबवर थेट दाखवली आणि नंतर सविस्तर अहवालही जाहीर केला. प्रत्येक मार्ग वेगवेगळ्या कारणाने बंद पडलेला असूनही तो कोणी चालवून पाहिला नव्हता, हे त्यातून समोर आले.

‘एम्स’च्या अनुभवातून काय दिसते?

दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर (एम्स) २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक स्वरूपात बंदिस्त केल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. बाह्यरुग्ण नोंदणी, दाखल करून घेणे, तपासण्यांचे अहवाल ही कामे कागदावर करावी लागली. देशभरातून आलेल्या रुग्णांच्या रांगा त्यामुळे लांबल्या.

येथे बॅकअप शाबूत होता. हल्ल्यातून बचावलेल्या बॅकअप सर्व्हरवरून ‘ई-हॉस्पिटल’ची सगळी माहिती मिळवून ती नव्या सर्व्हरवर भरण्यात आली. तरीही नोंदणी, भेटीची वेळ, दाखल करणे, घरी सोडणे यांसारखी बहुतांश कामे पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. सर्व्हर स्वच्छ करणे, नवी यंत्रणा उभारणे, माहिती भरणे आणि तपासणे ही कामे एकापाठोपाठ करावी लागतात. म्हणजे बॅकअप असणे आणि काम सुरू असणे यांत बरेच अंतर असते.

रिस्टोअर पूर्ण झाले म्हणजे काम संपले का?

नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअप तपासण्याची एक आज्ञा आहे. ती फाइल वाचता येते का हे सांगते, आतील माहितीच्या रचनेची हमी देत नाही. ती हमी प्रत्यक्ष भरून आणि भरल्यावर तपासणी करूनच मिळते. प्रमुख टेबलांतील नोंदींची संख्या जुन्या संख्येशी ताडणे, शेवटच्या व्यवहाराची तारीख आणि वेळ पाहणे, काही मराठी नावे उघडून वाचणे, रकमांच्या बेरजा जुळवणे आणि प्रत्यक्ष प्रणालीत लॉगिन करून एखादी नोंद करून पाहणे, एवढे तरी करायलाच हवे. पतसंस्थेत खातेदारांची संख्या जुळली पण शेवटच्या दिवसाचा भरणा आला नाही, तर फटका थेट खातेदाराला बसतो.

हे आधीच कसे टाळता येईल?

बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम आजही लागू आहे. त्यातील एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी, म्हणजे हल्लेखोराचा हात तेथे पोहोचत नाही. किल्ल्या आणि वापरकर्त्यांची यादी बॅकअपपासून वेगळी, पण तितकीच काळजीपूर्वक जपावी.

यापलीकडे दोन प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या व्यवस्थापनाने द्यायची असतात, केवळ तंत्रज्ञांनी नव्हे. किती तासांची माहिती गेली तर चालेल? आणि किती तास काम बंद राहिले तर चालेल? पहिल्या उत्तरावरून बॅकअप किती वेळाने घ्यायचा हे ठरते, दुसऱ्यावरून तो कोणत्या प्रकारचा आणि कुठे ठेवायचा हे. चार तासांत सेवा सुरू व्हायला हवी असेल, तर संथ जोडणीवर ठेवलेला १ टेराबाइटचा लॉजिकल डम्प त्या कामाचा नाही.

कायद्याचीही आता त्याकडे नजर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत, माहिती नष्ट झाली वा हाती लागेनाशी झाली तरी काम सुरू राहावे यासाठीच्या उपायांत डेटा बॅकअपचा स्पष्ट उल्लेख आहे.

मात्र नियमाच्या पूर्ततेसाठी घेतलेला बॅकअप आणि उपयोगी पडणारा बॅकअप यांतील फरक सरावानेच कळतो. दर तिमाहीला, निदान वर्षातून दोनदा, ताजा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर पूर्ण भरावा, लागलेला वेळ घड्याळ लावून नोंदवावा आणि आलेल्या त्रुटी व त्यांवरील उपाय कागदावर उतरवावेत. हे काम नेहमीच्या तंत्रज्ञाऐवजी दुसऱ्याने तोच कागद समोर ठेवून करावे, म्हणजे कागदातील त्रुटीही कळतात. संगणक विभागाच्या मासिक अहवालात ‘बॅकअप यशस्वी’ असा रकाना बहुतेक ठिकाणी असतो. त्याशेजारी ‘शेवटचे पूर्ण रिस्टोअर कधी केले आणि किती तास लागले’ हा आणखी एक रकाना वाढवला, तर संकटाच्या रात्री उघड होणाऱ्या बऱ्याच गोष्टी कामाच्या दिवशी दुपारीच उघड होतील.